सड्यावरची नोंद

१

मेलेल्या बाईकडे खुलासा मागणारी दुसरी नोटीस आली, तेव्हा आईला जाऊन अकरा दिवस झाले होते.

पोस्टमन म्हणाला, "नर्सबायच्या नावाचा आसा. तुमी सही केलास तरी चलात." मी सही केली आणि ओट्यावरच पाकीट फोडलं.

श्रीमती आल्बिना फर्नांडिस, आरोग्यसेविका, यांनी तन्वी या अतिजोखमीच्या गर्भवतीचा वाढता रक्तदाब ओळखला नाही. तिला तज्ज्ञांकडे पाठवलं नाही; अशी रुग्ण आलीच नसल्याचं तालुक्याच्या ओवी हॉस्पिटलने लेखी कळवलं आहे. उपकेंद्राची नोंदवही गहाळ केली. पहिल्या खुलाशात उल्लेख केलेली नोंद अद्याप सादर केलेली नाही. गुरुवारी, पंधरा जानेवारीला, माता मृत्यू समितीपुढे हजर राहावे. न राहिल्यास सांगण्यासारखे काही नाही असे गृहीत धरून अहवाल अंतिम केला जाईल.

आमच्या खाजणगावात आईने एकतीस वर्षं बायकांची पोटं तपासली. तन्वी ही तिची शेवटची. सत्तावीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा महिना. आठ डिसेंबरला जिल्हा रुग्णालयात पोट कापून मुलीला बाहेर काढलं, आणि दुपारी तन्वी गेली. त्यानंतर वीस दिवस आई काहीतरी शोधत राहिली. मी कुडाळला कॉलेजच्या ग्रंथालयात असते. रोज फोन करायचे. ती म्हणायची, "गावला की सांगतंय," म्हणजे सापडलं की. अठ्ठावीस तारखेला सकाळी ती विहिरीवर कोसळली. हृदय, असं डॉक्टरांनी लिहिलं.

नोटिशीला दोन कागद जोडले होते. एक, आईचा पहिला खुलासा. एकच ओळ: "नोंद जागेवरच केलेली आहे, शोधून सादर करते." दुसरा, तन्वीच्या गर्भवती कार्डाची झेरॉक्स. त्यावरची शेवटची नोंद अशी होती:

६ डिसेंबर. गृहभेट, घरी. रक्तदाब ११७/७९. सूज नाही. तक्रार नाही.

खाली आईची सही. निदान दिसायला तरी तिचीच.

मी ती ओळ पुन्हा वाचली. सहा डिसेंबरला तन्वी घरी नव्हती. आई घरी नव्हती. त्या दिवशी आमच्या गावात एकही माणूस नव्हता.

२

दर चार वर्षांनी आमच्याकडे गावपळण होते. ग्रामदेवाचा कौल घेऊन दिवस ठरतो, त्यामुळे तो कुठल्याच कॅलेंडरात छापलेला नसतो. मग माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे वेशीबाहेर सड्यावर, उघड्या कातळमाळावर जातात. तीन दिवस, तीन रात्री. मेढी म्हणजे लाकडी खांब पुरून, वर झावळ्या टाकून खोपी उभ्या राहतात. त्या तीन दिवसांत काहीही आणायला कुणी गावात पाऊल टाकत नाही. आम्ही ख्रिस्ती, तरी आम्हीही जातो. लहानपणी मी आईला विचारलं होतं, देव त्यांचा, मग आपण कशाला? ती म्हणाली, "देव त्यांचो, पण गाव आपलो."

या वेळची गावपळण पाच डिसेंबरला सुरू झाली आणि आठला सकाळी संपली. मी आले नव्हते. रजा मिळाली असती. मी मागितली नाही.

आईची बॅग खुंटीला तशीच होती. ती प्रथमच उघडली. नळी गुंडाळलेलं स्टेथोस्कोप. तापाच्या गोळ्या. प्रार्थनेचं पुस्तक. पल्स पोलिओच्या वेळी पोरांच्या बोटाला खूण करतात तो मार्कर. त्याचं टोक कुणी दगडावर घासावं तसं फुटलेलं, तुसं बाहेर आलेली. आणि तिचं पाऱ्याचं मशीन. काचेच्या नळीवर दोन-दोनच्या रेघा. दोनाचा पाढा मी त्या नळीवर बोट ठेवून शिकले. नंतर कळलं, आमच्या वर्गातल्या बाकीच्या पोरी तो चिंचोक्यांवर शिकल्या.

प्रार्थनेच्या पुस्तकाचं पान न् पान उलटलं. आईची एक सवय होती, ती हाताखालच्या पोरींनाही लावायची: "आकडो थंड होवच्या आधी लिवक व्हयो." मशीनचा पट्टा सोडायच्या आधी तिचं लिहून झालेलं असायचं. पुस्तकात काही नव्हतं.

मग ती नोंद कुठे केली होती? आणि शोधत होती ती वीस दिवस काय?

३

तन्वीची सासू नर्मदाकाकी अंगणात वालीच्या वेलाला पाणी घालत होती. नवा मांडव होता, चार मेढींवर उभा केलेला, आणि वेल वरपर्यंत पोचून फुलला होता. मला पाहून तिने तांब्या खाली ठेवला.

"कित्याक इलंस?"

"काकी, एकच विचारूचा आसा."

"तुझ्या आवयक मी दार उघडूक नाय," ती म्हणाली. "तीनदा इली. तीनदाव मी आत बसान रवलंय. आता तू इलंस. बस."

तिचा मुलगा सुशांत, तन्वीचा नवरा, पडवीत जाळं शिवत होता. त्याने मान वर केली नाही, पण सांगितलं सगळं.

"सहा तारखेक सकाळपासून तिचा डोक्या दुखत होता. दुपारी म्हणाक लागली, डोळ्यांफुडे काजवे दिसतत. तुझ्या आवयन घडये-घडयेक मशीन लावल्यान. मगे चिठी दिल्यान. म्हणाली, ओवी हॉस्पिटलात घेवन जा, थंय जोखमीच्या बायकांचो डॉक्टर आसा. सरकारी गाडी मागल्यान, ती गावाक नाय. मी टेम्पोतना नेलंय."

"म्हणजे तुमी ओवीत गेलास?"

"गेलंव म्हंजे? काउंटरार नर्स होती. चिठी वाचल्यान नि तिचा तोंडच उतरला. तीनदा फोन लावल्यान डॉक्टराक. मगे म्हणाली, गुरुवारी या. तपासणी नाय, काय नाय. कार्ड नि चिठी ठेवन घेतल्यान."

"हॉस्पिटल लिवन देता, ती बाई इलीच नाय."

सुशांतच्या हातातली सुई थांबली. "आमी सांगलंव चौकशीच्या सायबाक. सायब म्हणालो, कागद खंय आसा?"

नर्मदाकाकी पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. म्हणाली, "परत इले तेव्हा काळोख पडललो. तुझी आवय म्हणाली, आत्ताच जिल्ह्याक जावया, सकाळ बघू नको. मी म्हटलंय, मोठो डॉक्टर गुरुवारी म्हणता, तू काय डॉक्टरापरास शाणी?"

घरात झोळीतलं मूल कुरकुरलं आणि गप्प झालं.

"मगे ती काय म्हणाली?"

"काय म्हणतली? तन्वीच्या उशाशी बसान रवली. काय तरी खरडी होती. माका वाटला देवाचा नाव लिवता. तुमच्यात असता ना तसा काय?"

"आमच्यात नाय तसा काय."

"गाव परत इल्यार दोन दिसांनी सड्यार दिसली माका," सुशांत म्हणाला. "चुलीची राख काटयेन उकरी होती. म्हटलंय, बाय, काय सांडला? म्हणाली, कायव नाय रे."

निघताना काकीने मूठभर वाली तोडून माझ्या पिशवीत घातल्या. "घेवन जा. तिका आवडत." मग तिच्या लक्षात आलं, आणि ती तोंड फिरवून आत गेली.

४

ओवी हॉस्पिटल तालुक्याच्या गावी, नव्या रस्त्यावर आहे. भिंती गुलाबी. दारावर फलक: अतिजोखमीच्या मातांसाठी विशेष कक्ष, दर गुरुवारी. फलकाच्या कोपऱ्यात झेंडूची वाळलेली माळ अजून लटकत होती.

डॉ. विनीत कारखानीस उठून उभे राहिले. मऊ आवाज, स्वच्छ नखं. "तुमच्या आईंचं ऐकलं. फार वाईट वाटलं. जुन्या पिढीतल्या होत्या. निष्ठा असते या लोकांत, पण आधुनिक प्रशिक्षण नसतं. त्यांचा दोष नाही."

"तन्वी सहा तारखेला इथे आली होती?"

"मी त्या पेशंटला आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. हे मी शपथेवर सांगेन."

ते खरं बोलत होते, हे मला तेव्हाही जाणवलं. नंतर कळलं की सगळी किल्ली त्या एका खऱ्या वाक्यात होती.

त्यांच्या मागे भिंतीवर मोठा फोटो होता. गुलाबी फीत, चांदीचं तबक, कात्री. फोटोतल्या फलकावर तारीख: ६ डिसेंबर. तबक धरून उभे होते सत्यवानकाका, आरोग्य केंद्राचे पर्यवेक्षक, आईचे एकतीस वर्षांचे सोबती. त्यांच्या मागे केंद्राची रुग्णवाहिका, मागचा दरवाजा उघडा, आणि दोन माणसं तिच्यातून प्लास्टिकच्या खुर्च्या उतरवत होती.

"कक्षाचं उद्घाटन," डॉक्टर म्हणाले. "पाचचा मुहूर्त होता. मी पुण्याहून आलो त्याला तीन वर्षं झाली, पण लोकांचं असं प्रेम त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं."

बाहेर एका बाईच्या दंडाला पट्टा लावला होता. मशीन पीं करून थांबलं आणि आतल्या मुलीने मोठ्याने वाचलं, "एकशे तेवीस, एकोणऐंशी."

"पाऱ्याचं नाही वापरत?" मी विचारलं.

"छे. पारा विषारी असतो. हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून इथे सगळं डिजिटल." त्यांनी टेबलावरचा खोका पुढे केला. "पेढा घ्या ना. काल एकीला मुलगा झाला."

मी काळ्या कपड्यांत होते. पेढ्याला बोटांचे ठसे उमटले होते. मी नको म्हटलं, तर त्यांनी तो स्वतः खाल्ला आणि बोटं रुमालाला पुसली, एकेक करून.

व्हरांड्यात नम्रताने मला गाठलं. काउंटरवरची नर्स तीच. मूळची आरोंद्याची, सहा महिने आईच्या हाताखाली शिकली होती, आमच्याकडे जेवली होती.

"ताई, माका काय विचारू नको. माका नोकरी आसा."

"मी काय विचारूक नाय."

"त्या दिवशी मीच बोललंय त्या घोवाक तिच्या. एवढ्या पोटाची बाई, नि सड्यार खोपीत कशी ठेवलास म्हणान..." ती थांबली. आपण काय बोललो ते तिला कळलं. "गुरुवारी समितीत माका विचारल्यानी, तर मी नाय म्हणान सांगतलंय. ती इलीच नाय म्हणान. तुझ्या आवयची शपथ घालू नको, ताई."

मी घातली नाही.

५

सत्यवानकाकांनी आईच्या पेटीला खांदा दिला होता. चर्चच्या दारात ते रडलेही होते. मी आरोग्य केंद्रात गेले तेव्हा ते चहात तिसरा चमचा साखर ढवळत होते.

"ये गो बाय. चाय घेतलंस?"

"काका, तन्वीचा कार्ड समितीक कोणी दिला?"

"मीच दिलंय. उपकेंद्रात गावला. टेबलाच्या खणात."

"तो खण आईन तीनदा उपसलो."

"बायच्या नजरेक पडूक नसात. मन थाऱ्यार नव्हता तिचा."

"नि नोंदवही?"

"ती माका कशी म्हायत?"

"आई जिल्ह्याच्या रुग्णालयातून नऊ तारखेक परत इली. कुलूप तसाच होता, वही नव्हती. किल्ल्यो दोनच. एक तिच्या कमरेक, एक तुमच्याकडे."

"कुलूप काय, खिळ्यानव उघडता," ते हसून म्हणाले. ते हसू मी लहानपणापासून ओळखत होते. त्याच हसण्यासोबत ते मला जत्रेतलं गोड खाजं आणून देत. आता ते बघवेना.

"कार्ड तुमी उघडून बघलास?"

"त्यात काय बघूचा? होता तसा दिलंय."

त्यांच्या टेबलावर पाऱ्याचं मशीन होतं, आईच्यासारखंच. मी त्याच्याकडे बघते आहे हे पाहून ते म्हणाले, "तुझ्या आवयक नि माका एकाच दिवशी गावलली. आता फकत माझा रवला."

"गावपळणीक उपकेंद्र बंद ठेवची परवानगी कोणी दिल्यान?"

"मीच दिलंय. तीन दिवस. दर खेपेक मीच देतंय." मग चहाचा कप खाली ठेवून, आवाज बदलून, ते कचेरीतल्या मराठीत बोलले. "हे बघ, फ्लाव्हिया. मी या महिनाअखेर निवृत्त होतो आहे. तुझी आई गेली. गेलेल्या माणसाचं पेन्शन काही थांबत नाही. नाव लागलं तर लागलं. कशाला उगाच चार जिवंत माणसांना ओढतेस?"

मी उठले. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. तरी त्या चहाचा गोड वास नाकातून जाईना.

६

बुधवारी सकाळी मी स्वयंपाकघरात आईचं मशीन समोर ठेवून बसले आणि झेरॉक्स त्याला टेकवून ठेवली.

कार्डावर आधीच्या सात भेटी होत्या. ११०/७०. ११२/७४. ११८/७६. शेवटून दुसरी, १३२/८६. सगळे सम आकडे. असणारच. पाऱ्याच्या नळीवर एकशे सोळानंतरची रेघ एकशे अठराची. मधे काहीच नाही. आठवी नोंद तेवढी ११७/७९. आईने एकतीस वर्षांत ११७ कधी पाहिलाच नव्हता.

खऱ्या कार्डावर आईने सहा तारखेचा खरा आकडा लिहिला असणार, म्हणून हे नवं कार्ड भरलं होतं: आधीचे आकडे त्यावरून उतरवले, शेवटचा मनाने घातला. म्हणजे लिहिणाऱ्याकडे खरं कार्ड होतं. आणि ते सुशांतने ओवीत दिलं होतं.

तिघांपैकी कोण? सत्यवानकाकांनी आयुष्यभर पारा वाचला. ते विषम आकडा लिहिणार नाहीत. आणि गावपळणीसाठी उपकेंद्र बंद ठेवायची परवानगी ज्याने दिली, तो "घरी" लिहिणार नाही. नम्रता आईकडे शिकलेली. आणि तन्वी खोपीतून आली म्हणून ती नवऱ्याला बोलली होती. दोन्ही चुका एकाच वेळी करू शकेल असा माणूस एकच होता: ज्याच्या डोळ्याला पाऱ्याची सवय उरलेली नाही, ज्याने गावपळण पाहिलेली नाही, आणि ज्याने तन्वीला समोर उभी असूनही पाहिलं नाही. त्याने शपथेवर सांगितलं तेच.

कोरी कार्डं केंद्रात असतात, म्हणजे त्याला ते दिलं सत्यवानकाकांनी. भरून आलेलं कार्ड त्यांनी उघडूनही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांनी ती ओळ सुधारून घेतली असती, आणि आई कायमची दोषी ठरली असती. कंटाळ्याने तिला वाचवलं.

पण हे सगळं आकड्यांचं बोलणं झालं. साहेब म्हणाला असता, कागद कुठे आहे?

मी पुन्हा आईच्या ओळीकडे वळले. नोंद जागेवरच केलेली आहे. जागा म्हणजे सडा. वही कुलपात, गावात. गावात पाऊल टाकायचं नाही. कार्डावर एका भेटीला एकच ओळ, आणि तेही ओवीत अडकलेलं. आकडा थंड व्हायच्या आधी लिहायचा, तर कशावर? हातात पोलिओचा मार्कर. टोक फुटलेलं, खडबडीत कशावर तरी घासून. बसायची जागा तन्वीच्या उशाशी. खोपीत उशाशी काय असतं?

मेढ असते.

गाव आठ तारखेला परतलं, तेव्हा आई तन्वीपाशी जिल्हा रुग्णालयात होती. ती सड्यावर पोचली तोवर खोपी मोडल्या होत्या. जळण म्हणून मेढी चुलीत गेल्या असं तिला वाटलं. म्हणून राख उकरत होती. आणि जिच्या खोपीची ती मेढ, तिने आईला तीनदा दार उघडलं नाही.

मी चप्पल घालायची विसरले. नर्मदाकाकीच्या अंगणात पोचले आणि वालीची पानं दोन्ही हातांनी बाजूला केली. पहिली मेढ कोरी. दुसरी कोरी. तिसरी कोरी. चौथीवर, साल काढलेल्या लाकडावर, गुडघ्याच्या उंचीपासून खाली जांभळ्या शाईत आईचं अक्षर होतं.

६/१२. स. ८, १४०/९०.
दु. १, १५०/१००. पाय सुजले.
३.३०, १६०/११०. डोकं, डोळे. ओवीला चिठ्ठी. गाडी मागितली, नाही. टेम्पो.

त्याच्याखाली माती. ओळी पुढे मातीत गेल्या होत्या. मांडवासाठी मेढ जास्त खोल पुरली होती.

काकी मागे येऊन उभी होती. "काय लिवल्यान?"

मी हातांनी माती उकरली. शाई ओली होती, पण गेली नव्हती. पोरांच्या बोटावरून ती महिनाभर जात नाही.

रा. ८.४०, परत. तपासलं नाही. गुरुवारी या म्हणाले, नम्रता. १६४/११२. आत्ता न्या म्हटलं. ऐकत नाहीत.
७/१२. प. ५, झटका.

"वाच गो," काकी म्हणाली.

मला दोन शब्द गाळता आले असते. तिला वाचता येत नव्हतं. आईचं नाव सुटण्यासाठी त्या शब्दांची गरजही नव्हती. पण मी आईच्या नोंदीतला शब्द गाळणार नव्हते. मी सगळं वाचलं. "ऐकत नाहीत" सुद्धा.

काकी मेढीकडे बघत राहिली. मेढ तिची होती. ती न्यायची की नाही, तिने ठरवायचं होतं. उद्या साहेबासमोर हे वाचलं गेलं की ते सगळ्या गावाला कळणार होतं.

ती घरात गेली. कोयती घेऊन आली आणि फुललेले वेल तिने सपासप तोडले.

"घेवन जा," ती म्हणाली. "माझा नाव घालूक व्हया होता तिना."

७

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं, बिस्किटांच्या ताटल्या होत्या, आणि विशेष निमंत्रित तज्ज्ञ म्हणून डॉ. विनीत कारखानीस होते. सत्यवानकाका भिंतीकडेला. नम्रता फायली घेऊन डॉक्टरांच्या मागे उभी.

अध्यक्ष एक पोक्त बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कन्या? आईंच्या वतीने काही सांगायचंय?"

मी आईचं मशीन टेबलावर ठेवून उघडलं. "मॅडम, यावर मला एकशे सतरा दाखवा."

त्यांनी वाकून नळी पाहिली. बोटाने रेघा मोजल्या. जुन्या डॉक्टर होत्या; त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मग मी गावपळणीच्या तारखा सांगितल्या, आणि "घरी" या शब्दावर बोट ठेवलं.

"या बायका अंदाजे लिहितात," डॉ. कारखानीस मऊ आवाजात म्हणाले. "आकडाही, जागाही. आपण सगळे जाणतो."

तेव्हा मी दाराकडे पाहिलं. सुशांत मेढ खांद्यावर घेऊन आत आला. तिच्या टोकाला अजून माती होती. त्याने ती बिस्किटांच्या ताटल्या सारून टेबलावर आडवी ठेवली.

"हे लाकूड आहे," डॉक्टर म्हणाले.

"वाचू द्या," अध्यक्ष म्हणाल्या.

त्यांनी मोठ्याने वाचलं, एकेक ओळ, थांबून. "गाडी मागितली, नाही" इथे सत्यवानकाकांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "गाडी त्या वेळी कुठे होती त्याचा फोटो डॉक्टरांच्या केबिनमध्ये लावलेला आहे. खुर्च्या उतरवताना." "तपासलं नाही, गुरुवारी या म्हणाले, नम्रता" इथे कुणीतरी फायली खाली टाकल्या.

नम्रता मेढीजवळ आली. तिने ते अक्षर बोटाने चाचपलं, आंधळं माणूस चाचपतं तसं.

"आली होती," ती म्हणाली. "चार पन्नासला. मी चिठ्ठी वाचून दाखवली फोनवर. एकशे साठ, एकशे दहा, असं तीनदा सांगितलं. तीन फोन आहेत माझ्या मोबाइलमध्ये. सर म्हणाले, आत्ता फीत कापायचीय, गुरुवारी बोलव, कक्ष गुरुवारपासून आहे."

"नम्रता, तुला काय बोलतेस ते कळतंय?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज अजूनही मऊ होता. ते सगळ्यात ओंगळ होतं.

"काका," मी म्हटलं, "वही?"

सत्यवानकाकांनी खिशातून रुमाल काढला, पुसलं काही नाही. "सात तारखेक घेतलंय. गाव भायर होतो तेव्हा. सहा तारखेचा काय लिवल्यान ता बघूक." ते अध्यक्षांकडे नाही, मेढीकडे बघत बोलत होते. "तारीख कोरी होती. गाडीचा भय होता माका. डॉक्टर म्हणाले, कोरं कार्ड द्या, बाकीचा मी बघतंय."

कोऱ्या पानासाठी हा माणूस रिकाम्या गावात शिरला होता. मग त्याने आईच्या पेटीला खांदा दिला.

अध्यक्षांनी शेवटून दुसरी ओळ पुन्हा वाचली. "ऐकत नाहीत. म्हणजे कोण?"

दारातून उत्तर आलं. नर्मदाकाकी तिथे उभी होती, नातीला खांद्यावर घेऊन. "मी," ती म्हणाली. "ता माझा आसा. ताव लिवा."

तिसरं पाकीट फेब्रुवारीत आलं. पोस्टमन म्हणाला, "परत नर्सबायच्याच नावाचा." आत दोन ओळी होत्या: आपला खुलासा समाधानकारक आढळल्याने आपल्यावरील कारवाई मागे घेण्यात येत आहे, याची नोंद घ्यावी. डॉ. कारखानीस आणि सत्यवानकाका यांच्यावर गुन्हा नोंदला गेला आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत रुग्णसेवेत खंड पडू नये म्हणून ओवीचा विशेष कक्ष चालू आहे. दर गुरुवारी. दुसरे कुणी डॉक्टर येतात. माळ काढलेली नाही.

मेढ कार्यालयाने ठेवून घेतली. तिला लाल दोऱ्याने एक पुठ्ठा बांधला आहे, पुरावा क्रमांक चार.

नर्मदाकाकीच्या अंगणातला मांडव आता तीन मेढींवर उभा आहे. एका बाजूने कलला आहे आणि उरलेले वेल त्या बाजूला जमिनीला लागले आहेत. गेल्या रविवारी मी म्हटलं, काकी, नवी मेढ घाला, पडेल तो.

ती नातीच्या पायांना तेल चोळत होती. तिने वर पाहिलं नाही.

"रवांदे तसोच," ती म्हणाली.